एफ टू दाबलं आणि विंडोज बंद: तात्यांच्या पीसीचं पूर्ण प्रकरण

आधी मशीन सांगतो म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बार्शीत एसटी स्टँडच्या बाजूला एक झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, मालकांना सगळे तात्याच म्हणतात. काउंटरच्या मागं असेंबल पीसी, २०१० सालचा, पहिल्या पिढीचा कोअर आय३, बोर्डही त्याच वेळचा. मधल्या काळात कुणीतरी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकून दिली आणि त्याच वेळी विंडोज १० नव्यानं मारलं. सातबारा काढून देणं, पॅनकार्डचे फॉर्म, भरतीचे फॉर्म आणि सीझनला लग्नपत्रिका, असं सगळं त्या एकाच डब्यावर चालायचं. २०१९चा मे महिना होता, म्हणजे ऐन लग्नसराई, आणि पत्रिकांच्या कोरल ड्रॉच्या फाइली सगळ्या सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर, बॅकअप वगैरे काही नाही.

मी दुरुस्तीवाला नाही, ऑफिसात सर्व्हर सांभाळायचं काम करतो, पण नात्यात कुणाचं कॉम्प्युटर बसलं की फोन मलाच येतो, तसा तात्यांचाही आला. "अरे, ते पोरगं म्हणतंय मदरबोर्ड गेलाय, नवीन सेट घ्या म्हणतंय, आणि डेटा येईलच असं नाही म्हणतंय. पत्रिका द्यायच्यात रे उद्या-परवा, तू एकदा बघ की येऊन." ते पोरगं म्हणजे गावातल्या एका दुकानातून आलेला टेक्निशियन. त्यानं पीसी चालू करून निळा स्क्रीन बघितला आणि निदान सांगून टाकलं: विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारायला लागेल, डिस्कही गेलेली असू शकते, बोर्ड तर जुनाच आहे. त्याला सगळा दोष देत नाही, दिवसाला इतके निळे स्क्रीन बघितल्यावर हात आपोआप फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हकडंच जातो. पण इथं तसं केलं असतं तर पत्रिका गेल्या असत्या आणि गंमत म्हणजे मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

दुखणं कधी सुरू झालं

मी गेल्यावर आधी मशीनला हात लावला नाही, काउंटरवरच्या पोराला बसवून विचारत बसलो की नेमकं काय काय झालं, कारण बंद पडायच्या आधीचे दिवस कुणी विचारतच नाही. आणि तिथंच बरंच काही सापडलं.

पोरगा म्हणाला, दोन-तीन महिन्यांपासून सकाळी घड्याळ मागं असायचं. रात्री साडेआठला दुकान बंद करताना तात्या भिंतीवरच्या बोर्डाचं मेन बटणच बंद करतात, लाइटबिल आणि शॉर्टसर्किटची भीती दोन्ही. सकाळी दहाला चालू केलं की पीसीच्या घड्याळात रात्रीचेच नऊ-साडेनऊ वाजलेले. तारीख कालची. पोरगा हातानं दुरुस्त करायचा, विषय संपला. कधी विसरला की सातबाऱ्याची साइट उघडायच्या आधीच क्रोम अडवायचं, तुमचं घड्याळ मागं आहे असं स्पष्ट लिहून यायचं. मग कुणीतरी साइटलाच शिव्या घालायचं आणि पोरगा तारीख सुधारायचा. (साइटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं असं त्यातच लिहिलेलं असतं, ब्राउझर ते पीसीच्या तारखेशी ताडून बघतो, तारीखच चुकली तर चांगलं सर्टिफिकेटही त्याला खोटं वाटतं.)

नंतर घरातल्या लग्नासाठी दुकान काही दिवस बंद राहिलं, मेन बंद. उघडल्यावर पीसी चालू केला तर विंडोजऐवजी काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, सीएमओएसचं (बोर्डवरच्या सेटिंगच्या मेमरीचं) काहीतरी चुकलंय, तारीख-वेळ सेट नाही, आणि खाली दोन ओळी: सेटअपमध्ये जायचं तर एफ वन दाबा, डिफॉल्ट व्हॅल्यू भरून पुढं जायचं तर एफ टू दाबा. पोरानं एफ टू दाबलं. कुणीही तेच दाबेल, गिऱ्हाईक समोर उभं असताना पुढं जा म्हणणारंच बटण दाबतो माणूस. विंडोजचा निळा चौकोन आला, खाली टिपके दोन-चार वेळा फिरले आणि दुःखी चेहऱ्याचा निळा स्क्रीन, खाली बारीक अक्षरात "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". रिस्टार्ट, परत तेच, मग ऑटोमॅटिक रिपेअर, ते पण थोड्या वेळानं हात वर करतं.

हे ऐकल्यावर माझं निम्मं काम झालं होतं. मागं पडणारं घड्याळ, मग सीएमओएसचा मेसेज, मग डिफॉल्ट, मग निळा स्क्रीन. हा क्रम विंडोज बिघडल्याचा नाही, त्याच्या खाली जे बसलेलं असतं त्याचा आहे.

विंडोजच्या आधी कोण असतं

आता हे खाली बसलेलं म्हणजे काय ते थोडं पसरूनच सांगतो, कारण प्रकरणाची सगळी मेख तिथंच आहे.

पॉवरचं बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, आधी आपले व्होल्टेज स्थिर करतो आणि बोर्डला सांगतो की आता सप्लाय ठीक आहे. त्यानंतर प्रोसेसरला रिसेटमधून सोडलं जातं. त्या क्षणी प्रोसेसरला विंडोज माहीत नसतं, डिस्क माहीत नसते, एवढंच काय रॅमही वापरता येत नसते, कारण रॅम कुठली आहे, किती स्पीडची आहे हे अजून कुणी ठरवलेलंच नसतं. त्याला फक्त एक ठरलेला पत्ता माहीत असतो, इंटेलच्या आजच्या प्रोसेसरमध्ये ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडं, तिथली पहिली सूचना उचलायची आणि कामाला लागायचं. तो पत्ता जोडलेला असतो बोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपला, आठ पायांची, नखाएवढी, आणि तिच्यात जो प्रोग्रॅम लिहिलेला असतो तोच बायोस. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ला आला तेव्हा हा प्रोग्रॅम ८ केबी रॉममध्ये मावत होता, आता काही एमबींचा असतो, पण जागा आणि काम तेच. हे नाव त्याच्याही आधीचं, गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम सिस्टिममधलं, सत्तरच्या दशकातलं.

हा प्रोग्रॅम आधी चिपसेट जागा करतो, रॅमच्या पट्ट्यांवरच्या बारीक चिपमधून त्यांची माहिती वाचतो आणि रॅम चालू करतो. मग तपासणी, जिला आपण पोस्ट म्हणतो, कीबोर्डचे लाइट लुकलुकतात, स्पीकर असेल तर एक बीप. रॅम नीट बसली नसेल तर वेगळ्या पद्धतीनं बीप वाजत राहतात, कारण स्क्रीनवर काही लिहिण्याइतकं अजून तयारच नसतं. मग ग्राफिक्स, मग कीबोर्ड-माउस, मग सॅटाच्या, म्हणजे डिस्क जोडायच्या, पोर्टवर कोण कोण लागलेलं आहे ते विचारणं. शेवटी बूट ऑर्डर बघायची आणि पहिल्या नंबरच्या डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइट, रॅममध्ये एका ठरलेल्या जागी ठेवायचा, शेवटच्या दोन बाइटमध्ये बूटची खूण आहे का बघायची आणि असेल तर सूत्रं त्याच्या हातात द्यायची. सकाळी दुकानात पहिला येऊन शटर वर करणारा, लाइट-पंखे लावणारा आणि मालक गल्ल्यावर बसला की बाजूला होणारा पोरगा, तेवढीच त्याची नोकरी. (ही जुन्या पद्धतीची गोष्ट झाली, तात्यांचा पीसी तसाच होता. यूईएफआय म्हणजे बायोसची नवी पिढी, तसल्या मशीनमध्ये पहिल्या सेक्टरऐवजी डिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमधली बूटची फाइल उघडली जाते.)

आता यातलं बरंचसं काम करताना बायोसला काही निवडी माहीत असाव्या लागतात. कुठली डिस्क आधी, सॅटा कुठल्या मोडमध्ये, लाइट जाऊन आली तर पीसी आपोआप चालू करायचा का बंद ठेवायचा, आज तारीख काय. फ्लॅशमधला प्रोग्रॅम कंपनीनं लिहिलेला, तो सगळ्यांना सारखाच, पण या निवडी प्रत्येक मशीनच्या वेगळ्या. १९८१च्या पीसीत यासाठी बोर्डवर बारीक स्विच होते, किती रॅम, किती फ्लॉपी ड्राइव्ह हे ते वर-खाली करून सांगायचं, आणि तारीख तर दर वेळी चालू केल्यावर हातानं टाकायची. १९८४च्या आयबीएम एटीमध्ये मोटोरोलाची एक घड्याळाची चिप आली, ६४ बाइटची, त्यातले १४ घड्याळाच्या कामाचे आणि उरलेले ५० सेटिंगसाठी मोकळे, आणि वीज नसताना जिवंत ठेवायला बॅटरी. त्या मेमरीला सीएमओएस म्हणायची सवय तिथून लागली ती अजून गेली नाही. पुढं ती चिप चिपसेटच्या पोटात गेली, बॅटरी राहिली, तोच तो बोर्डवरचा चपटा गोल सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा.

सेलचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. त्याची कुवत सव्वादोनशे मिलीअँप-तासाच्या आसपास, आणि घड्याळ-मेमरीची भूक पाच मायक्रोअँपच्या आगेमागे. सरळ भागाकार केला तर सेल एकटाच सतत खात राहिला तर पाच वर्षं. पण पीसी बंद असला तरी प्लगमध्ये लाइट चालू असेल तर एसएमपीएसची स्टँडबाय लाइन बोर्डला मिळत राहते आणि सेलला हात लागत नाही. तात्यांकडं रात्री मेनच बंद, म्हणजे दिवसातले तेरा-चौदा तास सगळा भार सेलवर. त्या हिशोबानं आठ-नऊ वर्षं. पीसी २०१०चा, प्रकरण २०१९चं. सेल मधे कधी बदलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अगदी काटेकोर गणित नाही हे, पण जुळलं.

आणि सेल एकदम मरत नाही हेही इथं दिसतं. व्होल्टेज पडायला लागलं की आधी घड्याळाचं क्रिस्टल नीट थरथरत नाही, ते सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरलं पाहिजे (दोनचा पंधरावा घात, पंधरा वेळा अर्धं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका), ते रात्री कधीतरी थांबतं आणि सकाळी लाइट आली की पुढं चालू लागतं. म्हणून घड्याळ जिथं थांबलं तिथून पुढं. पण मेमरीतले आकडे तेवढ्या कमी व्होल्टेजवरही तग धरतात, म्हणून दोन-तीन महिने फक्त घड्याळच चुकत होतं आणि विंडोज मात्र व्यवस्थित चालू होत होतं. लग्नाच्या सुट्टीत मेन सलग बंद राहिलं तेव्हा आकडेही गेले. बायोस चालू होताना त्या बाइटची बेरीज करून शेजारी लिहून ठेवलेल्या बेरजेशी ताडतो, ती जुळली नाही की आतलं काहीच खरं मानायचं नाही असा त्याचा नियम, आणि मग तो काळा स्क्रीन.

लोगो आला कसा

टेक्निशियनचं म्हणणं होतं डिस्क गेलेली असू शकते. माझा प्रश्न एवढाच होता की डिस्क गेली असती तर विंडोजचा लोगो आला कुठून? तो लोगो डिस्कवरूनच येतो. म्हणजे कुणीतरी डिस्क वाचत होतं. आणि टिपके फिरल्यावर विंडोज म्हणतं की ज्या डिस्कवरून बूट व्हायचं तिच्यापर्यंत पोचता येत नाही. आत्ता वाचत होतास ना बाबा, मग लगेच पोचता येत नाही कसं?

याचं उत्तर असं की वाचणारे दोघं वेगळे असतात. सुरुवातीला विंडोजचा बूट मॅनेजर स्वतः डिस्कशी बोलत नाही, बायोसला सांगतो की मला अमुक सेक्टर दे, बायोस आणून देतो. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि सुरुवातीचे ड्रायव्हर (एकेका उपकरणाशी बोलायचे प्रोग्रॅम) रॅममध्ये येईपर्यंत हे असंच चालतं, लोगोही त्याच टप्प्यात दिसायला लागतो. मग कर्नल उभा राहतो, बायोसला म्हणतो आता तू थांब, आणि आपला स्वतःचा ड्रायव्हर घेऊन सॅटा कंट्रोलरकडं जातो. नेमकं या हस्तांतराच्या वेळी गाडी अडली होती.

त्या काळातल्या बोर्डवर सॅटा कंट्रोलर दोन सोंगं घेऊ शकायचा. एक जुनं आयडीई, जुन्या विंडोजलाही ओळखीचं, आणि दुसरं एएचसीआय, नवं आणि वेगवान, एसएसडीसाठी हेच लावतात. कुठलं सोंग घ्यायचं हे सेटअपमधल्या एका ओळीवर ठरतं, आणि ती निवड बदलली की कंट्रोलर विंडोजला सरळसरळ दुसरंच उपकरण म्हणून दिसतो, वेगळा नंबर, वेगळा ड्रायव्हर. विंडोज बसवताना जो कंट्रोलर दिसला त्याचाच ड्रायव्हर ते बूटच्या वेळी लोड करायच्या यादीत ठेवतं, बाकीचे बाजूला काढतं, म्हणजे बूट पटकन होतं. बायोसला मात्र दोन्ही सोंगांत डिस्क वाचता येते, त्याच्याकडं दोन्हीची सोय असते.

आता जोडा. एसएसडी टाकणाऱ्यानं सेटअपमध्ये जाऊन एएचसीआय केलं असणार, चांगलंच काम केलं, आणि त्याच्यावर विंडोज मारलं. हे कुठं लिहून ठेवलं नाही, तात्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी काय कळणार होतं. या बोर्डचं डिफॉल्ट मात्र आयडीई. एफ टू दाबल्यावर डिफॉल्ट आलं, बायोसनं आयडीईतून डिस्क छान वाचली, लोगो दाखवला, विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर घेऊन पुढं आलं आणि बघतं तर समोर कंट्रोलर भलताच. डिस्क तिथंच आहे, डेटा तिथंच आहे, फक्त विंडोजच्या हातातली किल्ली त्या कुलपाची नाही. इथं फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकलं असतं तर ते आयडीईवर मुकाट बसलं असतं, सगळ्यांना वाटलं असतं बघा विंडोजच खराब होतं, आणि कधीतरी कुणी हुशारीनं एएचसीआय केलं असतं की परत निळा स्क्रीन.

काय केलं

अंदाज कितीही पक्का असला तरी आधी पत्रिका. माझ्याकडं लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह असतो, त्याच्यावरून पीसी चालू केला. बायोस होता त्याच आयडीईमध्ये ठेवला, मुद्दाम काही बदललं नाही. लिनक्स सरळ चालू झालं आणि एसएसडीवरचं सगळं उघडलं, कारण त्या पेन ड्राइव्हमध्ये दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर सोबतच असतात, समोर जो येईल त्याचा तो काढतं. एक बारीक भानगड आली, विंडोज नीट बंद झालेलं नसल्यामुळं ड्राइव्ह फक्त वाचण्यासाठीच उघडला, पण मला तेवढंच पाहिजे होतं. डेस्कटॉपवरच्या पत्रिका, स्कॅन, उधारीची एक्सेल शीट, सगळं बाहेरच्या डिस्कवर ओढून घेतलं आणि एक पत्रिका माझ्या लॅपटॉपवर उघडून तात्यांना दाखवली. तिथून पुढं तात्यांनी चहा सांगितला, आधी विचारलंही नव्हतं.

या एका पायरीनं दोन गोष्टी सिद्ध झाल्या, डिस्क धडधाकट आहे आणि बोर्डही. बोर्ड गेलेला असता तर इथपर्यंत आलोच नसतो.

मग मेन बंद केलं, प्लगच काढला, कॅबिनेट उघडलं. आत धुळीचा थर, एक वाळलेली पाल, ते सोडा. सेल काढून मल्टिमीटर लावला तर दोन व्होल्टच्याही खाली, नवा सेल तीनच्या वर दाखवतो. समोरच्या घड्याळाच्या दुकानातून चाळीस-पन्नास रुपयांचा सेल आणला, अधिकची बाजू वर ठेवून बसवला. इथं एक सांगतो, सेल काढताना बाजूची छोटी पत्ती दाबली की सेल आपोआप वर येतो, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेलात तर होल्डर तुटतो आणि मग खरंच बोर्डाचं काम निघतं.

पीसी चालू करून डिलीट दाबत सेटअपमध्ये. निळ्या-करड्या रंगाचं ते जुनं मेनू, माउस चालत नाही, बाणाच्या कीनं फिरायचं. आधी तारीख-वेळ. मग सॅटाच्या पानावर एसएसडीचं नाव आणि साइज बरोबर दिसतेय हे बघितलं, आणि वरती "कॉन्फिगर सॅटा ॲज" च्या समोर आयडीई. ते एएचसीआय केलं. बूट ऑर्डरमध्ये डिफॉल्टनं डीव्हीडी ड्राइव्ह पहिला आला होता, एसएसडी वर घेतली. लाइट जाऊन आल्यावर पीसी बंदच राहावा असं केलं, बार्शीत लाइट येताना कधी कधी दोन-तीन झटके देऊन येते आणि तेवढ्या वेळा पीसीनं उठबस करण्यात अर्थ नाही. एफ टेन, सेव्ह, रिस्टार्ट.

निळा चौकोन, टिपके, आणि मग टिपके फिरतच राहिले आणि लॉगिनचा स्क्रीन आला. काही रिपेअर नाही, काही इन्स्टॉल नाही. डेस्कटॉपवर पत्रिका जशा होत्या तशा. पोरगा म्हणाला, "एवढंच होतं?" हो, एवढंच होतं, पण ते एवढंच नेमकं कुठं आहे हे कळायला आधीचं सगळं लागतं.

उलटा प्रश्न कुणी विचारेल की एएचसीआय करायच्या ऐवजी विंडोजलाच आयडीईची सवय लावता आली नसती का. आली असती. सेफ मोडमध्ये बूट केलं की विंडोज सगळे ड्रायव्हर सोबत घेऊन येतं, समोरचा कंट्रोलर ओळखतं आणि पुढच्या वेळी साधं बूटही चालतं. मोड मुद्दाम बदलायचा असेल तेव्हा हीच युक्ती वापरतात. पण एसएसडी असताना जुन्या सोंगात कशाला ठेवायचं.

त्या टेक्निशियननं जाता जाता आणखी एक सुचवलं होतं म्हणे, बायोस फ्लॅश करून बघू, अपडेट टाकू. हे मात्र मला अजिबात पटत नाही. फ्लॅश करणं म्हणजे त्या आठ पायांच्या चिपमधला प्रोग्रॅमच पुसून नवा लिहिणं, आणि अर्ध्यात लाइट गेली तर प्रोसेसर उठल्यावर ज्या पत्त्यावर जातो तिथं अर्धवट कचरा. मग स्क्रीन नाही, बीप नाही, पंखा फिरतो फक्त. १९९९ला २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसनं जगभर हेच केलं होतं, ज्या बोर्डांवर जमलं तिथला बायोसच खरडून टाकला, आणि त्यातल्या अनेकांना चिप बदलण्याशिवाय उपाय उरला नव्हता. आता काही बोर्डांना दुसरी राखीव चिप किंवा पेन ड्राइव्हवरून परत भरायची सोय असते, या बोर्डला नव्हती. आणि मुळात बायोसचा प्रोग्रॅम इथं बिघडलाच नव्हता, त्याला दिलेल्या निवडी पुसल्या गेल्या होत्या, असल्या जुन्या बोर्डवर या दोन गोष्टी वेगळ्या चिपमध्ये राहतात हे माहीत असलं की असला सल्ला द्यायची वेळच येत नाही.

नंतरचं

सेटअपच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि तात्यांच्या व्हॉट्सॲपवर टाकले, शिवाय कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं एक कागद लावला: सॅटा एएचसीआय, पहिली बूट एसएसडी, सेल बदलल्याचा महिना. बॅकअपसाठी बाहेरची डिस्क घ्यायला लावली, ती घेतली, वापरतात की नाही देव जाणे. मेन बंद करायची सवय काही सुटणार नाही आणि सोडा असं म्हणालोही नाही, सेल स्वस्त आहे, आग लागलेली परवडणार नाही.

हेच दुखणं नव्या मशीनवर आलं तर थोडं वेगळं दिसतं, म्हणून तेही लिहून ठेवतो. यूईएफआयवाल्या बऱ्याच बोर्डांवर आणि लॅपटॉपवर सेटिंग आता फ्लॅश चिपच्याच एका कोपऱ्यात लिहिलेली असतात, सेल मेला तर बहुतेक वेळा फक्त घड्याळ जातं. पण सगळ्याच कंपन्या तसं वागत नाहीत, काही बोर्ड घड्याळाची वीज गेलीय असं दिसलं की डिफॉल्ट भरतातच. आणि तीच इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइसची पाटी आता आयडीईमुळं नाही तर इंटेलच्या व्हीएमडी किंवा रेड मोडमुळं (हीही डिस्कच्या कंट्रोलरची सोंगंच) येते, सेटअपमध्ये कुणीतरी ते चालूचं बंद किंवा बंदचं चालू केलं की विंडोज त्याच जागी अडतं, कारणही तेच. उलट नवं विंडोज टाकताना डिस्कच दिसत नसेल तर तिथंही आधी व्हीएमडीचीच ओळ बघावी, ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर दिला की डिस्क दिसायला लागते.

एक गोष्ट मात्र तात्यांच्या पीसीत नव्हती आणि नव्या लॅपटॉपमध्ये हमखास असते, ती म्हणजे बिटलॉकर. डिस्क त्यानं कुलूपबंद असेल आणि तुम्ही सेटअपमध्ये सिक्युअर बूट वगैरे हलवलं तर चालू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बऱ्याच लॅपटॉपवर हे पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करतानाच आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ता नसतो. की त्याच अकाउंटवर ऑनलाइन सापडते, फक्त ते अकाउंट कुणाच्या ईमेलनं उघडलं होतं ते आठवावं लागतं, आणि लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोरानं स्वतःचाच ईमेल टाकून उघडून दिलेला असला तर आधी त्याला शोधत फिरा.